उतरण्याआधी निघायची वाट

उन्हाळ्यात बाझेल शहरातली माणसं ऑफिस सुटल्यावर ऱ्हाइन नदीतून पोहत घराकडे जातात, असं मी गावी सांगतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग कपड्यांचं काय?' कपडे, चपला, फोन, किल्ल्या असं सगळं माशाच्या आकाराच्या एका रंगीत पिशवीत घालायचं, तिचं तोंड गुंडाळून घट्ट बंद करायचं आणि ती सोबत घेऊन प्रवाहाला लागायचं. या पिशवीला तिथे 'विकेलफिश' म्हणतात. दुसरा प्रश्न मात्र फक्त माझ्या मामांनी विचारला, 'अन् वर कुठून निघता रे?'

मला विहिरीत पोहायला शिकवणाऱ्या माणसाचा प्रश्न होता तो.

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या भागात तलावाकाठी जाऊन पोहायची चैन नव्हती. मळ्यातली विहीर हीच शाळा. मुरूम फोडून काळ्या पाषाणात उतरलेली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा घट्ट झाकणाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेच्या दोराचं टोक मामांच्या हातात. चार हात मारता आले की डबा सुटायचा, मग दोर. त्यानंतर मुटका, सूर आणि तळाची माती मुठीत घेऊन वर येण्याची पैज. पाऊसकाळ बरा झाला तर हे मार्च-एप्रिलपर्यंत चालायचं. पुढे पाणी तळाला जायचं आणि पोहणं संपायचं. मामांचा नियम एकच होता: पायऱ्या नसलेल्या विहिरीत उडी टाकायची नाही. बांधीव विहीर असेल तर आधी खाली उतरून पायऱ्यांवर शेवाळ किती आहे ते पायाने चाचपायचं, मगच वर येऊन उडी.

नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला आल्यावर हा नियम जसाच्या तसा कामी आला. विहिरीचं पाणी जागेवर असतं, पायऱ्या जिथल्या तिथे असतात. बाझेलजवळ ऱ्हाइनमधून सेकंदाला सरासरी हजार घनमीटर पाणी वाहतं. एक पायरी चुकली की ती मागे राहते; प्रवाहाविरुद्ध पोहून तिच्याकडे परत जाणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून इथे लोक उजव्या काठाने, क्लाइनबाझेलच्या बाजूने पोहतात. नदी शहरात वळण घेते आणि हा वळणाचा आतला काठ आहे: उतार सौम्य, प्रवाह मवाळ, जागोजागी पायऱ्या. पलीकडे मालवाहू जहाजांचा मार्ग. तिंगली संग्रहालयापाशी उतरायचं आणि पुलांखालून वाहत जायचं. निघायची पायरी दिसली की तिच्या बरंच आधीपासून काठाकडे सरकायला लागायचं. स्विस जीवरक्षक संस्थेचे नद्यांसाठीचे नियमही हेच सांगतात: अनोळखी टप्पा आधी पाहून घ्या, एकट्याने पोहू नका. आणि विकेलफिश ही सामानाची पिशवी आहे, जीव वाचवण्याचं साधन नव्हे.

ही नदी कायम अशी स्वच्छ होती असं नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवताना वापरलेलं पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाइनमध्ये गेलं, नदी लाल झाली, ईल मासे प्रचंड संख्येने मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून ऱ्हाइन कृती कार्यक्रम स्वीकारला आणि सालमन मासा नदीत परत आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. आज इथे लोक निर्धास्त उतरतात, त्यामागे सांडपाण्यावरचा दशकांचा खर्च आहे. जालना शहरातली कुंडलिका नदी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

परदेशात नव्याने गेलेल्या आपल्या मुलामुलींनी एक सवय मात्र घरीच ठेवून जावी, ती म्हणजे उडीची. मराठवाड्यातल्या विहिरीचं पाणी कधी जीवघेणं गार नसतं. युरोपातल्या नद्या-तळी मे महिन्यातही १५ अंशांच्या खाली असू शकतात, बाहेर ऊन कितीही पडो. इतक्या गार पाण्यात अचानक शिरलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. पहिली दोन-तीन मिनिटं सर्वांत धोक्याची. पट्टीचा पोहणाराही त्यात सापडतो. म्हणून पायरी पायरीने उतरावं, आणि चुकून पडलंच तर हातपाय न झाडता उताणं तरंगत श्वास ताळ्यावर येऊ द्यावा. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होत राहतं. ओले कपडे लगेच बदलावेत, गरम पाण्याच्या शॉवरखाली धावू नये.

मामांचा प्रश्न आज खरा विचारायला हवा तो आपल्याच जिल्ह्यात. पोहण्याच्या विहिरी आटल्या, बुजल्या, आणि जालन्यात शेततळी वाढली. कडवंची गावाने त्यांच्या पाण्यावर द्राक्षबागा फुलवल्या. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेनेही भर घातली. पण अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याला पायरी नसते. उतरत्या बाजूंवर ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर शेवाळ. तीन मीटर पाण्यातून त्या उतारावर ना हात टिकतो ना पाय. पोहता येणारा माणूसही कडेपाशी येऊन दमून बुडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. गोदावरीत वेगळा सापळा आहे: वाळू उपसलेले खड्डे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात.

उपाय महागडे नाहीत. काठावर खुंट्या रोवून चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत. दोराला जुने टायर बांधले तर शिडीच होते. हवा भरलेली ट्यूब कायम पाण्यावर ठेवावी, भोवती कुंपण घालावं. तळ्यासाठी खड्डा आणि प्लास्टिकच्या कागदाचा हिशेब मांडला जातो, त्यातच या दोरांचीही एक ओळ असावी. उन्हाळी सुट्टीत मुलं पाण्याकडे जाणारच. त्यांना पोहायला शिकवणाऱ्याने पहिला धडा हात मारण्याचा नव्हे, वर येण्याचा द्यावा.