पाहुण्यांची अंथरुणे धान्याच्या खोलीत नकोत



नाताळच्या आधीचा शनिवार-रविवार म्हणजे आपल्या घरी सर्वांच्या पायाला भिंगरी. बेळगाव-खानापूरकडे याच दिवसांत भाताची मळणी उरकत येते, पोती घरात येतात आणि भात कापलेल्या शेतात ओलीवर पेरलेला मसूर वर आलेला असतो. शेतातले आणि सणाचे काम एकाच वेळी दारात उभे राहते. या गडबडीत आमच्या हातून एकदा मोठी चूक झाली. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून येथे सांगत आहोत.

त्या शनिवारी सकाळी आम्ही खळ्यावरची शेवटची पोती घरात आणली. सोंडे लागू नयेत म्हणून बाजारातून सुट्या आणलेल्या गोळ्या फडक्यात बांधून पोत्यांत टाकल्या. संध्याकाळी मुले काट्याच्या पाठीवर कुलकुले वळायला बसली, वहिनी कढईपाशी. रविवारी आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची मिस्सा, मग गव्हाणीसाठी माती, पेंढा आणि रुजवलेली नाचणी. तेवढ्यात मुंबईहून ताईचे कुटुंब आले. घर लहान, माणसे चौदा. मुलांना पोत्यांच्या खोलीत निजवायचे ठरले.

आई दुपारभर त्या खोलीत झाडलोट करीत होती. तिचे डोके दुखू लागले, मळमळले, उलटी झाली. तळणाचे बाधले असेल, असे आम्ही म्हणालो. पण आईच म्हणाली, "खोलीत लसणीचा वास येतोय रे, आणि आज तर घरात लसूण सोललीच नाही." तेव्हा आमचे डोळे उघडले. मुलांची अंथरुणे उचलली आणि आईला तडक दवाखान्यात नेले. आई वाचली. मुले रात्रभर दार लावून तेथे निजली असती तर काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील व धान्यातील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू सुटतो. थंडीत तो सावकाश सुटतो, म्हणून पहिल्या दिवशी काही झाले नाही तरी धोका टळला असे समजू नये. हा वायू पोत्यातून, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. त्याला लसणीसारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास येतो. पण सणाच्या स्वयंपाकात तो लक्षात येत नाही, आणि कधी वास न येताही विषबाधा होते. डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, खोकला, छाती आवळणे ही त्याची लक्षणे आहेत. या विषावर उतारा नाही. 2001 साली केंद्र सरकारने या गोळ्यांच्या 10 व 20 नगांच्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. या गोळ्या वापरणे हे परवानाधारक जाणकाराचे काम आहे, राहत्या घराचे नव्हे.

मग धान्य कसे टिकवावे? कीड ओलाव्यावर वाढते, म्हणून खरे औषध ऊन हेच आहे. भात चांगले वाळवावे. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर तो वाळला असे समजावे. चेपला तर आणखी ऊन द्यावे. उन्हातले धान्य गरम असताना भरू नये, रात्रभर निवू द्यावे. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावीत. पोत्यांखाली फळ्या घालाव्यात आणि पोती भिंतीपासून हातभर दूर रचावीत. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पोत्यांत घालावा. मसूर किंवा इतर कडधान्य ठेवताना किलोला चमचाभर गोडेतेल चोळले तर भुंगा लागत नाही.

घरात गोळ्या टाकल्याच असतील तर आजच जाणकाराला बोलवावे आणि तोवर त्या घरात कोणीही निजू नये. गोळ्यांवर पाणी मुळीच ओतू नये. त्याने वायू एकदम सुटतो आणि पेटही घेतो. नाकाला फडके बांधून आत शिरू नये, फडक्याने हा वायू अडत नाही. कोणाला त्रास झाला तर त्याला मोकळ्या हवेत आणावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गोळीची गोष्ट स्पष्ट सांगावी. शरमेने लपवू नये.

आता आमच्या घरी नाताळात पाहुणे ओसरीवर निजतात. थंडी वाजते, एका गोधडीत तिघे शिरतात, मुले मध्यरात्रीपर्यंत खिदळतात. धान्याच्या खोलीला मात्र कडी असते.