संयुक्त मानापमान : 8 जुलै 1921

ज्याची वार्ता जाहीर होताच मराठी नाट्यजगताचे लक्ष मुंबईकडे लागून राहिले, तो ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 8 जुलै 1921 रोजी मुक्रर झाला होता. ‘मानापमान’ या नाटकातील खाडिलकरांचे संवाद आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली 1911 पासून रसिकांच्या परिचयाच्या होत्या. औत्सुक्य होते ते हेच, की गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी संस्थांचे अध्वर्यू, भामिनी झालेले बालगंधर्व आणि धैर्यधर झालेले केशवराव भोसले, एकाच रंगमंचावर उभे राहिल्यावर सरशी कोणाची होते. चढ्या दराची तिकिटे घेऊन आलेला प्रेक्षकवर्ग दोन पक्षांत विभागलेला होता खरा. परंतु एकाच्या लडिवाळ, भावार्द्र गायनाला आणि दुसऱ्याच्या तेजस्वी, चपळ तानांना त्याने मुक्तकंठाने दाद दिली, आणि माझ्या मते त्या रात्री खरा विजय झाला तो या रसिकतेचाच. त्यानंतर ‘संयुक्त सौभद्र’ही रंगभूमीवर आले, मात्र 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, केशवराव निवर्तले. बालगंधर्वांनी गायिलेल्या ‘मानापमान’मधील पदांच्या ध्वनिमुद्रिका आजही उपलब्ध आहेत, त्या अवश्य ऐकाव्यात.