बसच्या डिकीचं दार हात सोडला तरी वर कसं राहतं?



आपलं मालेगाव मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. स्टँडवर गेलात की नाशिक, धुळे, पुणे, मुंबई अशा पाट्यांच्या गाड्या दिसतात. कुणाच्या हातात पिशवी, कुणाकडे ट्रंक, तर कुणी लूमच्या कापडाचं गाठोडं घेऊन उभा. हे सगळं सामान जातं कुठे? पूर्वी ते टपावर चढवायचे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, त्यानंतर कित्येक वर्षं गाडीच्या मागची शिडी आणि टपावरचं कॅरिअर हीच सामानाची सोय होती. पुढे गाडीच्या पोटात, प्रवाशांच्या पायाखाली सामानाचा कप्पा आला. त्यालाच आपण डिकी म्हणतो.

जुन्या गाडीत डिकीचं दार उघडलं की ते लोखंडी दांडीच्या आधाराने वर ठेवावं लागतं. दांडी निसटली की जड पत्र्याचं दार थेट खाली! खाली कुणाचं डोकं असतं, कुणाची बोटं असतात. म्हणून आता अशा जुन्या गाड्यांनाही मिस्त्री लोक 'डिकी शॉकअप' बसवून देतात. त्याचं खरं नाव गॅस स्ट्रट. आज आपण त्याचं विज्ञान समजून घेऊ.

आत काय असतं?

बाहेरून पाहिलं तर एक काळी नळी आणि तिच्यातून आत-बाहेर सरकणारा चकचकीत दांडा. बरेच जण याला 'हायड्रॉलिक' म्हणतात. पण दार उचलण्याचं काम तेल करत नाही, वायू करतो. नळीत नायट्रोजन वायू प्रचंड दाबाने कोंडलेला असतो. तेल असतं ते थोडंसंच. ते सीलला ओलं ठेवतं आणि दार शेवटी धाडकन आदळू देत नाही.

आता खरी गंमत. दांड्याच्या आतल्या टोकाला दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्र असतं. म्हणजे वायू दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असतो आणि दाबही दोन्हीकडे सारखाच. मग दांडा बाहेर का ढकलला जातो?

कारण एका बाजूला दांडा जोडलेला आहे. त्याने जितकी जागा अडवली, तितक्या जागेवर वायूला दाब देता येत नाही. दुसरी बाजू मात्र पूर्ण मोकळी. हा जो फरक उरतो, तोच दांड्याला बाहेर ढकलतो. बल = दाब × दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. दांडा ८ मिमी जाडीचा असेल तर छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मिमी. २५० न्यूटन बल हवं असेल तर वातावरणाच्या सुमारे ५० पट दाब लागतो. बसच्या टायरमधल्या हवेपेक्षा हा सहा-सात पट जास्त आहे!

किती ताकदीचा शॉकअप हवा?

इयत्ता सहावीत 'साधी यंत्रे' शिकताना तरफ येते ना? डिकीचं दार म्हणजे तिसऱ्या प्रकारची तरफ. बिजागरी हा टेकू, दाराचं वजन हा भार आणि शॉकअप लावतो ते बल. बल मध्ये, भार पलीकडे.

समजा दार १२ किलोचं आणि ७० सेंमी उंचीचं आहे. वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३५ सेंमीवर धरू. दार पूर्ण आडवं उचललेलं असताना :

१२ × ३५ = ४२०

बिजागरीपासून शॉकअपच्या रेषेचं लंब अंतर १० सेंमी आहे आणि शॉकअप दोन आहेत, तर :

४२० ÷ (१० × २) = २१

म्हणजे प्रत्येकी २१ किलोभार, साधारण २१० न्यूटन. थोडा हात राखून २५० न्यूटनचा घ्यायचा. हा आकडा नळीवर छापलेला असतो.

हात का राखायचा? हवामानामुळे. वायू तापला की दाब वाढतो, गार झाला की कमी होतो. २० अंशांना २५० न्यूटन देणारा शॉकअप आपल्याकडच्या ४३ अंशांच्या उन्हात सुमारे २७० देतो आणि थंडीच्या पहाटे १० अंशांना सुमारे २४०. जुना होऊन वायू थोडा गळाला असेल, तर दार आधी थंडीतच दगा देतं.

मग ५०० चाच का बसवू नये? जुन्या गाडीचा पत्रा पातळ, गंजलेला असतो. जादा बलाने दार वाकतं, बिजागरी उखडते, आणि कुलूप जुनं असेल तर चालत्या गाडीत दार उघडू शकतं. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षा, असं इथे होत नाही.

बसवताना काय पाहतात?

१. आधी बिजागरी तपासतात. ती झिजलेली असेल तर शॉकअप लावून उपयोग नाही.
२. जिथे बोल्ट येणार तिथे पत्र्यामागे जाड पट्टी देतात.
३. दार बंद असताना शॉकअपची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जायला हवी. म्हणजे कुलपावर ताण येत नाही.
४. दार बंद असताना दांडा खालच्या बाजूला ठेवतात. त्यामुळे तेल सीलपाशी राहतं.
५. शॉकअपला वेल्डिंगची आच लावत नाहीत, भोक पाडत नाहीत. जुना निघालेलाही खेळायला घ्यायचा नाही. आत दाब असतोच.

करून पाहा

सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. दट्ट्या मागे ओढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबून सोडा. तो परत मागे येतो. कोंडलेली हवा ढकलते कशी, ते हाताला कळेल.

विचार करा

१. वरच्या उदाहरणात लंब अंतर १० ऐवजी १५ सेंमी असेल तर प्रत्येक शॉकअपला किती बल लावावं लागेल?
२. सिरिंजमध्ये हवा दट्ट्याच्या एकाच बाजूला कोंडलेली आहे. शॉकअपमध्ये काय वेगळं आहे?

आणि एक लक्षात ठेवा. सहलीला जाल तेव्हा डिकीचं दार हळूहळू आपोआप खाली येताना दिसलं, तर शॉकअप संपत आला आहे. त्याखाली वाकू नका. सरांना, ड्रायव्हरकाकांना लगेच सांगा.