कोऱ्या डोक्याचा पिंगळा

पिंगळा महाराष्ट्रात कुणाला नवा नाही. वीतभर उंचीचा, पिवळ्या डोळ्यांचा, माणूस दिसला की मान वरखाली करत त्याच्याकडे टक लावून पाहणारा. गावाशेजारच्या वडा-चिंचेच्या ढोलीत त्याचा संसार असतो. त्याचाच एक भाऊबंद, रानपिंगळा, मात्र 1884 नंतर तब्बल 113 वर्षं अभ्यासकांच्या नजरेला पडला नाही. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर फरक चटकन सांगता येत नाही. मग नजर डोक्यावर जाते: पिंगळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके उठून दिसतात, रानपिंगळ्याचा माथा आणि पाठ जवळजवळ कोरी!

हे ठिपके किती भारी पडतात पाहा. रानपिंगळा अजून आहे असा दावा 1968 साली झाला, सोबत फोटोही होता. पुढे तो बारकाईनं तपासला गेला, तेव्हा फोटोतला पक्षी नेहमीचा पिंगळाच निघाला.

अनोळखी पक्ष्याच्या फोटोत आपण आधी रंग पाहतो, आणि तिथेच फसगत सुरू होते. जांभळ्या शिंजीराचा नर सावलीत काळाकुट्ट दिसतो; ऊन अंगावर आलं की तोच निळा-जांभळा झळाळतो. ही झळाळी पिसातल्या रंगद्रव्याची नसते. पिसाच्या आतली रचना इतकी सूक्ष्म असते की ती प्रकाशातल्या काही लहरीच ठळकपणे परतवते, आणि कोन बदलला की दिसणारा रंगही बदलतो. क्षणाच्या अंतरानं काढलेल्या दोन फोटोंत एकच शिंजीर दोन वेगळे पक्षी वाटू शकतो. वयाचंही तेच. स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र, लांब शेपटीचा नर सगळ्यांना ठाऊक असतो, पण तरुण नर मादीसारखाच तांबूस असतो. आकारमान तर फोटोत जवळपास हरवूनच जातं. रानपिंगळा पिंगळ्यापेक्षा जेमतेम दोनेक सेंटिमीटरनं मोठा. शेजारी मोजायला काही नसेल, तर तेवढा फरक कोणाला दिसणार?

म्हणून जाणकार आधी चोच, पाय, पंख आणि शेपटीची ठेवण बघतात, मग कोणती खूण नेमकी कुठे आहे ते. रानपिंगळ्याची चोच दणकट, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पायांवर दाट पांढरी पिसं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. एकेक खूण उन्हानं किंवा धुळीनं फसवू शकते. पाच खुणा एकाच वेळी खोटं बोलत नाहीत.

फोटोच्या चौकटीबाहेरही पुरावा असतो: जागा आणि तारीख. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं 'मर्लिन' हे ॲप फोटो ओळखण्याआधी तो कुठे आणि कधी काढला ते विचारतं. त्या जागी, त्या महिन्यात कोणते पक्षी असू शकतात, हे कळलं की यादी झपाट्यानं आखडते. पण शक्यतेचा कौल नेहमीच्या पक्ष्याकडे झुकतो. जिथे पिंगळा रोजचा, तिथे रानपिंगळ्याला न्याय द्यायचा तर शेवटी खुणाच बघाव्या लागतात.

आणि जागा-तारीखच बनावट असली तर? रानपिंगळ्याच्या बाबतीत तेही घडलं. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या नमुन्यावर गुजरातमधलं मांडवी आणि 1914 साल अशी नोंद होती. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी क्ष-किरणांची मदत घेऊन तो तपासला. जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात गोळा केलेल्या पक्ष्यांपैकीच तो एक होता. चोरून नवी चिठ्ठी लावलेला. ही नोंद बाद झाल्यावर शोध खऱ्या, जुन्या ठिकाणांकडे वळला. नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना सकाळच्या उन्हात झाडावर बसलेला एक छोटा पिंगळा दिसला. माथा कोरा, पोट पांढरं, पाय पिसांनी भरलेले. हरवलेला पक्षी सापडला होता!

पुढे मेळघाटासह सातपुड्यातल्या इतर जंगलांतही तो सापडला आणि 2014 मध्ये चक्क मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. अनोळखी पक्षी समोर आला, तर चेहऱ्याचा एकच सुरेख फोटो घेऊन थांबू नका. पाठ, पोट, पाय, जमेल ते टिपा. जागा आणि तारीख लिहून ठेवा. आणि पक्षी उडताना आलेला धूसर फोटो नकोसा वाटला, तरी पुसू नका. शेपटीवरचे पट्टे कदाचित त्यातच उलगडलेले असतील.