वाचनाची पूर्वतयारी : घर, अंगणवाडी आणि भिलाईची बालके

मूल वाचावयास केव्हा शिकू लागते, असा प्रश्न केला असता बहुतेक लोक 'शाळेत नाव घातल्यावर' असे उत्तर देतील. अक्षरे शिकवावयाची ती गुरुजींनी. आईबापांनी मुलास न्हाऊमाखू घालावे, जेवू घालावे आणि वेळेवर शाळेत पोचवावे, अशी कामाची वाटणी आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. बालकांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचे मत मात्र याहून निराळे आहे. त्यांच्या मते वाचनाचा आरंभ आईच्या कडेवर असतानाच होतो. मूल पहिले अक्षर ओळखते त्या दिवसापर्यंत वाचनास लागणारी बरीचशी तयारी होऊन गेलेली असते, किंवा व्हावयाची राहून गेलेली असते.

हे कसे घडते, हे पाहण्यासाठी भिलाईसारखे दुसरे सोयीचे गाव क्वचितच सापडेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्ह्यातील हा भाग त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगड राज्यात आहे. कारखान्याच्या कामासाठी आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, ओडिशा आणि बिहार येथून माणसे आली, नागपूरच्या बाजूने मराठी कुटुंबेही आली. त्यांतील पुष्कळांस सेक्टरांमधील क्वार्टरे मिळाली. आसपासच्या खेड्यांतील छत्तीसगडी माणसे आणि रोजंदारीवरचे मजूर सुपेला, खुर्सीपार, कॅम्प अशा वस्त्यांतून राहू लागले. परिणाम असा की, एकाच गल्लीतील चार घरांत चार भाषा बोलल्या जातात. आणि अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता मात्र हिंदी असतो.

आता एक प्रसंग कल्पून पाहा. तक्त्यावर पिसारा फुलविलेल्या पक्ष्याचे चित्र आहे आणि त्याखाली 'मोर' असे लिहिले आहे. सेविका चित्रावर बोट ठेवून शब्द उच्चारते. समोर बसलेल्या साडेतीन वर्षांच्या छत्तीसगडी मुलीच्या कानावर पडतो तो शब्द तिच्या ओळखीचा आहे, कारण तिच्या भाषेत 'मोर' म्हणजे 'माझा'. पक्ष्याला तिच्या घरी 'मंजूर' म्हणतात. ती 'मंजूर' असे उत्तर देते आणि 'चूक' म्हणून तिला खाली बसविले जाते. दोन-चार वेळा असे झाले की ती उत्तर देणेच सोडते. पुढे शाळेत गेल्यावर हिला 'मंदबुद्धी' म्हणणारे कोणीतरी भेटतेच. वास्तविक तिने पक्षी ओळखला होता, त्याचे नावही तिला ठाऊक होते. उणीव असलीच तर ती ऐकणाऱ्याच्या कानाची होती. (मराठी वाचकांनी या मुलीस हसू नये. शाळेच्या फाटकावर 'शिक्षा' हा हिंदी शब्द प्रथम वाचणाऱ्या मराठी मुलाच्या पोटात काय गोळा उठत असेल, याची कल्पना करावी.)

प्रश्न केवळ एका शब्दाचा असता तर तो इतका मोठा झाला नसता. त्याचे मूळ कळण्यासाठी वाचन ही क्रिया कशी घडते हे थोडे समजून घ्यावयास हवे. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघा संशोधकांनी तिची एक सुटसुटीत मांडणी केली. लिखित खुणांवरून शब्द उलगडणे ही एक शक्ती आणि बोललेली भाषा समजणे ही दुसरी; वाचलेल्याचे आकलन म्हणजे या दोहोंचा गुणाकार. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यात मर्म आहे. दोहोंपैकी एक संख्या शून्य झाली तर दुसरी कितीही मोठी असली तरी फळ शून्यच येते. अक्षरे खडाखडा म्हणून दाखविणारा, पण अर्थ विचारताच गप्प होणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या गुणाकारातील दुसरी संख्या शून्याजवळ पोचलेली असते.

ही दुसरी संख्या वाढते ती घरात. भात निवडताना, विहिरीवर, भावंडाला झोपविताना जे बोलणे चालते त्यातून मूल हजारो शब्द, वाक्यांची वळणे, गोष्टीतील कार्यकारणभाव आणि 'मग काय झाले?' ही उत्सुकता गोळा करीत असते. ज्या आजीस स्वतःची सही करता येत नाही, तिच्यापाशी हे धन भरपूर असू शकते. छत्तीसगडी घरांत कोड्यांना 'जनउला' म्हणतात. वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करावयाचे आणि ऐकणाऱ्याने ती ओळखावयाची, हा खेळ म्हणजे समोर नसलेली गोष्ट शब्दांवरून मनात उभी करण्याचा सराव होय. पुस्तक वाचताना दुसरे काय करावे लागते?

पहिल्या शक्तीचीही पूर्वतयारी घरात होऊ शकते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. बोलणे मुलाला एखाद्या सलग प्रवाहासारखे ऐकू येते. त्या प्रवाहाचे तुकडे पडतात, 'कमला' या नावात क, म आणि ला असे तीन ठोके आहेत, हे कानाने जाणणे ही वाचनाची खरी पहिली पायरी. देवनागरी लिपी या बाबतीत बालकास अनुकूल आहे, कारण तिचा घटक म्हणजे अक्षर, आणि अक्षर हे सामान्यतः एका ठोक्याएवढे असते. नावाबरोबर टाळ्या वाजविणे, शेवट सारखा असलेले शब्द जुळविणे, फुगडीच्या तालावर बोल म्हणणे (फुगडी हा खेळ छत्तीसगडातही याच नावाने खेळतात) यांतून कान तयार होतो. तथापि या लिपीच्या अडचणीही आहेत. एकेका व्यंजनाची बाराखडी धरली तर चिन्हांची संख्या चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे निराळीच. शिवाय 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र मागाहून होतो. असा हा लांबचा प्रवास असल्यामुळे तो तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून सुरू करण्यात शहाणपण नाही. कान आणि जीभ तयार होऊ द्यावी. बोटे आपोआप मागून येतात. सणाच्या दिवशी तांदळाच्या पिठाने अंगणात चौक पूरणाऱ्या आईशेजारी बसून मूल रेघ, वळण आणि ठिपका यांचा अभ्यासच करीत असते.

यावर कोणी म्हणेल की, मग पुस्तकांचे काम काय? पुस्तके हवीतच. १९९१ पूर्वीच्या काही दशकांत सोव्हिएत संघातून आलेली रंगीत चित्रांची बालपुस्तके हिंदीत आणि मराठीतही अगदी थोड्या पैशांत मिळत, आणि ती ज्यांच्या हाती पडली ते आज आजोबा झाले तरी त्यांतील चित्रांची आठवण काढतात. परंतु पुस्तक मुलाच्या पुढ्यात टाकून मोकळे होणे निराळे आणि ते मांडीवर घेऊन त्याविषयी बोलणे निराळे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत विभागलेले होते. दोन्ही गट घरी मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवीत. एका गटास मात्र एवढेच अधिक शिकविले होते की, सरळ वाचत न जाता 'हे काय चालले आहे?' असे मोकळे प्रश्न विचारावेत, मुलाने दोन शब्द उच्चारले तर त्यात आपले दोन घालून ते वाक्य त्याला परत करावे, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे. एका महिन्यात या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे गेली. या रीतीत मौज अशी की, ती पाळण्यास आईला अक्षरओळख असण्याचीही गरज नाही. चित्र पाहून प्रश्न विचारावयास डोळे आणि जीभ पुरे.

आपल्याकडे हा विचार अगदीच नवा आहे असे नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून 'अंगणवाडी' जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, ती 'कुरणशाळा'. परदेशी बनावटीची महाग साधने बाजूस ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवर शिक्षण चालले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. पण अंगण, म्हणजे घराशी असलेला लागाभागा, पुष्कळ ठिकाणी मागे राहिला. आई येते ती आहाराचे पाकीट न्यावयास किंवा मुलाचे वजन करावयास, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरते.

हा लागाभागा पुन्हा कसा जोडावा? भिलाईच्या वस्तीतील एखाद्या सेविकेस उद्याच करता येईल असा एक उपाय आहे. सकाळी मुलाला 'काल घरी काय झाले?' असे विचारावे. मूल म्हणेल, 'मोर दाई भात रांधत हे.' ('माझी आई भात रांधते आहे', 'रांधणे' मराठी वाचकासही परके नाही.) सेविकेने हे वाक्य न सुधारता, जसेच्या तसे, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे, प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवीत वाचून दाखवावे आणि मुलाकडून त्याखाली चित्र काढून घ्यावे. कागद घरी जातो. मूल दाईला ते वाक्य 'वाचून' दाखविते. ते पाठ म्हणत आहे हे खरे, परंतु याला लबाडी समजू नये. आपण बोललो ते कागदावर उतरते आणि कागदावरून पुन्हा तेच बोलता येते, हा वाचनाच्या मुळाशी असलेला शोध त्याने लावलेला असतो. दाईलाही त्याच वेळी कळते की आपण घरी जे बोलतो ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे. हिंदी मागाहून येईलच. 'मोर दाई' शेजारी 'मेरी माँ' लिहिले की दोहोंतील साम्य आणि भेद मूल स्वतः टिपते. तेलुगू किंवा मल्याळी घरातील मुलाचे वाक्य सेविकेला लिहिता येणार नाही. तेथे आईलाच अर्धा तास बोलावून तिच्या भाषेत एक गोष्ट सांगावयास लावावी, आणि इतर मुलांना चित्रांवरून ती ओळखू द्यावी.

आई येईल का, ही शंका रास्त आहे. ठेकेदाराच्या कामावर पहाटे जाणारी बाई रोजी बुडवून सभेस येणार नाही, आणि तिने यावे असा आग्रह धरणेही बरे नव्हे. अशा घरात मुलाला प्रत्यक्ष सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची बहीण, किंवा आजी, किंवा शेजारीण. सेविकेने तिलाच 'पालक' समजावे. कडेवर भाऊ घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत न लावता तिच्या हाती चित्रपुस्तक दिले, तर एका वेळी दोघांचे शिक्षण होते.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. काही पालक येतात, आणि पहिलाच प्रश्न करतात की, पलीकडच्या खासगी शाळेत मुले इंग्रजी ए-बी-सी-डी लिहितात, तुमच्याकडे नुसते खेळ कसले? ही मागणी अडाणीपणाची म्हणून उडवून लावू नये. आपल्या वाट्यास आले ते मुलाच्या वाट्यास येऊ नये, एवढाच तिचा अर्थ असतो. महिन्यातून एक दिवस पालकांना आत बोलावून टाळ्यांचा खेळ त्यांच्यासमोर घ्यावा. 'बघा, हा आपल्या नावाचे ठोके मोजतो. याच कानाने तो पुढे अक्षरे जुळविणार,' असे दाखवून सांगितले की, तक्रार करणारा बापच पुष्कळदा पुढचे नाव सुचवितो.

छत्तीसगडी ही काही लिहिण्यास नवखी भाषा नव्हे. हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली तिचे व्याकरण लिहिले आणि १८९० साली ग्रिअर्सन यांनी ते इंग्रजीत प्रसिद्ध केले. २००७ साली तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. असे असूनही तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावीत अशी या भाषेतील पुस्तके थोडीच आहेत. तोपर्यंत मुलांनी सांगितलेली आणि सेविकेने लिहिलेली पानेच दोऱ्याने शिवून अंगणवाडीच्या खुंटीला टांगून ठेवता येतील. वीस मुलांची वीस पाने म्हणजे एक पुस्तक होते. आणि त्यातील आपले पान कोणते, हे कोणत्याही मुलास विचारावे लागत नाही.