सातबाऱ्याचे रकाने आणि मोबाइलचा पडदा

जुना, हातानं लिहिलेला सातबारा आठवा. गट नंबर, पिकाचं नाव, क्षेत्र हे रकाने छापूनच यायचे. आतला मजकूर तलाठी पेनानं भरायचे. रकाने सगळ्यांना सारखे, मजकूर ज्याच्या-त्याच्या शेताचा. मोबाइलचं अ‍ॅप बनवणारे पडद्याचे असेच दोन भाग करतात. न बदलणारा तो स्टॅटिक, बदलणारा तो डायनॅमिक.

ई-पीक पाहणीचं अ‍ॅपच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर सुरू झालं. आपल्या श्रीरामपूरकडे ऊस, सोयाबीन, कांदा त्यातच नोंदवायचा. जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी फोन बहुधा सूनबाईच्याच हातात असतो! त्यातली शीर्षकं आणि बटणांची नावं अ‍ॅप घेतलं तेव्हाच फोनमध्ये आली. ती बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. अधूनमधून ‘अपडेट करा’ येतं ते त्यासाठीही. आपलं खातं, गट, क्षेत्र मात्र सरकारी सर्व्हरवरून मागवलं जातं. एकीचा एक गट, दुसरीचे पाच; म्हणून यादीची जागा आधी आखता येत नाही, ती येईल तशी लांबते.

रेंज गेली की बटणं ठसठशीत आणि यादी कोरी. मग पोटात गोळा येतो, नाव गेलं की काय? बहुतेक वेळा नाव जागेवरच असतं, मजकूर वाटेत अडकलेला असतो. माहिती येते आहे, येऊ शकली नाही किंवा नोंदच नाही, यातलं काय ते चांगलं अ‍ॅप स्पष्ट सांगतं. नुसती कोरी जागा दाखवणं ही बनवणाऱ्याची हयगय. त्यात तुमच्या शिक्षणाचा काही संबंध नाही.

घाईनं अ‍ॅप काढून मात्र टाकू नका. बांधावर रेंज नसताना भरलेली माहिती आणि फोटो फोनमध्येच थांबलेले असतात. अ‍ॅपबरोबर तेही पुसले जाऊ शकतात. आधी रेंजमध्ये येऊन अपलोड करा. मग यादी पुन्हा उघडून पीक आणि क्षेत्र दिसतं का ते बघा. अतिवृष्टीची भरपाई असो, पीकविमा असो की पीककर्ज, सातबाऱ्यावरचं पीकच आधी विचारतात.