ड जीवनसत्त्व आणि उतारवयातले दुखणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठवाड्यातले चाकूर साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण इथे बाराही महिने जमिनीपर्यंत पोचतात. म्हणून मराठवाड्यात या जीवनसत्त्वाची उणीव असणारच नाही, हा समज मात्र खरा नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत 25 ते 35 वयाच्या निरोगी माणसांपैकी सुमारे 70 टक्क्यांची पातळी दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली निघाली. उतारवयात त्वचेतला कच्चा मालच घटतो आणि निर्मिती तरुणपणाच्या निम्म्याहून खाली येते. त्यात अंगभर कपडे, डोक्यावर टोपी किंवा पदर, आणि बसणे ओसरीवर. ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या वरणातून हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही.

सकाळच्या कोवळ्या उन्हाची महती घरोघरी सांगितली जाते. पण त्यात हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ते पुरेसे मिळतात. चाकुरात एप्रिलमध्ये ही वेळ साडेनऊच्या सुमारास येते, त्यामुळे भर दुपारी उन्हात बसण्याची गरज नाही. डिसेंबरात मात्र अकरा वाजून जावे लागतात.

ऊन सारखे मिळूनही दोन भावांची पातळी वेगळी निघू शकते. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तातले वाहक प्रथिन यांच्या कामावर जनुकांचा प्रभाव असतो. 2020 साली चार लाखांहून अधिक लोकांच्या तपासणीतून पातळीशी निगडित 143 जनुकीय ठिकाणे पुढे आली. पण ही तपासणी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची होती. शिवाय यातले बहुतेक फरक एकेकटे किरकोळ असतात. 'आमच्या घराण्यातच कमी आहे' म्हणून हात टेकण्याइतके ते बलवान नाहीत.

सर्वांत पक्का गैरसमज दुखण्याचा आहे. गुडघे दुखतात, रिपोर्टात आकडा कमी येतो, आणि कारण सापडल्याचे समाधान मिळते. मात्र गुडघे दुखणारा माणूस बाहेरच कमी पडतो, म्हणून त्याची पातळी उतरते. म्हणजे उलटा क्रमही तितकाच शक्य आहे. हा गुंता सोडवायला जनुके उपयोगी पडतात, कारण ती जन्मतःच ठरतात, दुखण्यामुळे बदलत नाहीत. जन्मजात कमी पातळीकडे झुकलेल्यांना गुडघ्यांची झीज अधिक होते, असे अशा अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. अमेरिकेतील 'व्हायटल' या 25,871 जणांच्या चाचणीत ड जीवनसत्त्वाचे रोज 2,000 युनिट देऊन पाहिले. त्यातल्या जुनाट गुडघेदुखीच्या रुग्णांना बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. तीव्र कमतरता दीर्घकाळ टिकली तर हाडे मऊ पडतात. मग बरगड्या, कंबर, मांड्या खोलवर ठणकतात, मांडी घालून बसलेल्याला हात टेकल्याशिवाय उठवत नाही, चाल डुलती होते. हे दुखणे उपचाराने खरोखर बरे होते. झिजलेल्या गुडघ्याची सांध्यापुरती कळ वेगळी.

जास्त डोस म्हणजे जास्त गुण, हेही खरे नाही. बाजारातल्या पुडीत 60,000 युनिट असतात. सत्तरीपुढची रोजची 800 युनिटांची गरज धरली तर हा अडीच महिन्यांचा साठा झाला. डॉक्टरने आठ आठवडे सांगितलेली पुडी वर्षभर चालू ठेवली तर रक्तातले कॅल्शियम वाढून बद्धकोष्ठता, उलट्या, भ्रम, मूत्रपिंडाला इजा इथवर मजल जाऊ शकते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सत्तरीपुढच्या 2,256 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट दिले होते. त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे घटण्याऐवजी वाढले. वर्षाकाठी एक 'ताकदीची सुई' मागणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष पुरेसा बोलका आहे.

'30 नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे अपुरी पातळी' हा लॅबच्या कागदावरचा दंडकही आता डळमळला आहे. तो रूढ करणाऱ्या अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने 2024 मध्ये तो मागे घेतला आणि निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासणीची शिफारस केली नाही. 12 च्या खालची पातळी मात्र आजही गंभीरच मानली जाते.

नांदेड जिल्ह्यात किनवटकडे दुखण्यामागची आणखी एक शक्यता तपासावी लागते. तिथल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1.5 मिलिग्रॅमहून अधिक असेल आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर पाठ आणि सांधे ताठरून दुखू शकतात. त्यावर ड जीवनसत्त्वाची पुडी नव्हे, तर पाणी बदलणे हा पहिला उपाय आहे.